उंबऱ्याबाहेरचा कॅमेरा

घरातला एकांत ही गोष्ट आपल्याला इंग्रजांनी शिकवली, असं अधूनमधून ऐकायला मिळतं. एकत्र कुटुंबं, सताड उघडी दारं, कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे सगळ्या आळीला ठाऊक. अशा समाजात खासगी असं काय असणार, असा त्यामागचा सवाल. मला हे पटत नाही. आपली भाषाच याच्या उलट साक्ष देते.

'खासगी' हाच शब्द घ्या. मूळ अरबी 'खास'. पेशव्यांच्या घरगुती मालमत्तेचा आणि खर्चाचा कारभार पाहणाऱ्याला 'खासगीवाले' म्हणत. पुढं ते आडनावच झालं. म्हणजे दौलतीचं काय आणि घरातलं काय, याची वेगळी वही तेव्हाही होती. दुसरा शब्द 'अब्रू'. हा फारसीतून आला. 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. चारचौघांत अब्रू गेली असं आपण म्हणतो, तेव्हा चेहऱ्यावरचं ते पाणी कुणीतरी आपल्याला न विचारता पुसून नेलेलं असतं.

आमच्या सातारा-सांगलीकडची जुनी घरं बघितली तरी हेच दिसतं. बाहेर कट्टा, मग सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परडं. कोण कुठवर येणार हे न सांगता ठरलेलं असायचं. वाटसरू कट्ट्यावर टेकायचा, पाव्हणा सोप्यात बसायचा, माजघरात फक्त घरची माणसं. सोप्यात पाय ठेवण्याआधी गडीमाणूस बाहेरून खाकरायचा, किंवा 'हाईत का घरात?' अशी हाळी द्यायचा. मुसलमान मोहल्ल्यात दारावर पडदा असायचा. घर गरिबाचं असेल तर गोणपाटाचा, पण असायचा. कुराणातल्या 'नूर' या सूरेत स्पष्ट आज्ञा आहे की, दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हणाले तर मुकाट्यानं परत जावं. हाळी असो की सलाम, दोन्हींचा अर्थ एकच. आत माणसं आहेत आणि त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे.

याच उंबऱ्यानं जातीच्या नावाखाली कितीतरी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभं केलं, हेही इथंच सांगायला हवं. स्वतःच्या उंबऱ्याचा मान राखून घेणारी माणसं दुसऱ्याच्या उंबऱ्याचा मान ठेवतातच असं नाही. आणि कॅमेऱ्याचा आपल्याकडचा इतिहास नेमका याच ठिकाणाहून सुरू होतो.

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती मुंबईला पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढं होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही भरू लागला. त्या काळचा कॅमेरा धिमा होता. काचेवर ओलं रसायन लावायचं, ते सुकायच्या आत चित्र घ्यायचं, आणि तोवर समोरच्यानं दगडासारखं बसायचं. मान हलू नये म्हणून डोक्यामागं लोखंडी चिमटा असलेला स्टँड लावत. जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर दिसतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

या धिमेपणाचा एक फायदा होता. माणूस स्वतःहून स्थिर बसल्याशिवाय त्याचा फोटो निघतच नव्हता. त्यामुळं संमती ही यंत्रातच बसवलेली होती. गुपचूप फोटो काढणं जवळजवळ अशक्य होतं. आणि ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यांनी तर कॅमेऱ्यालाच आपल्या अटी घातल्या. राजा दीनदयाळ यांचं नाव छायाचित्रणाच्या इतिहासात मोठं. निजामाच्या हैदराबादेत त्यांनी १८९२ मध्ये खास पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळं काम बायकांकडं, आणि कारभार एका युरोपीय बाईच्या हाती. घरंदाज बेगमांचे फोटो निघाले, पण परक्या पुरुषाच्या नजरेला त्या पडल्या नाहीत. पडदा आणि कॅमेरा एकत्र नांदू शकतात, हे सव्वाशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये सिद्ध झालं होतं. फक्त त्यासाठी पदरी पैसा आणि मान लागत होता.

ज्यांच्याकडं तो नव्हता त्यांचं काय झालं? १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड लंडनमध्ये छापले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो, आणि खाली कोण इमानी, कोण लबाड, कोण चोर असे शेरे. फोटोसाठी ही माणसंही स्थिर बसली होती, पण बसायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलं असेल असं ते चेहरे पाहून वाटत नाही. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले असताना त्यांनी हे पुस्तक पाहिलं आणि आपल्या देशबांधवांची ती मांडणी त्यांना फार लागली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आपल्या भागातल्याही कितीतरी भटक्या समाजांच्या कपाळी पुढं त्याची हजेरी आली. रात्री-अपरात्री पोलीस पालात शिरून माणसं मोजायचे. पालाला उंबरा नसतो, म्हणून त्याला मानही नसतो, असं सरकारनं धरून चाललेलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

मग कॅमेरा वेगवान झाला. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी हातात मावणारा कोडॅक बाजारात आणला. बटण दाबलं की झालं. आता समोरच्यानं स्थिर बसायची गरज उरली नाही आणि यंत्रात बसवलेली संमती यंत्रातून निघून गेली. दोनच वर्षांनी, १८९० च्या डिसेंबरात, बॉस्टनच्या वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. क्षणात निघणारे फोटो आणि कुचाळक्या छापणारी वर्तमानपत्रं घराच्या आत घुसू लागली आहेत, तेव्हा माणसाला एकटं राहू देण्याचा हक्क कायद्यानं मानला पाहिजे, असं त्यात मांडलं होतं. खासगीपणाच्या कायद्याची जगभरची चर्चा या लेखापासून सुरू होते. म्हणजे या हक्काच्या जन्माला कॅमेराही कारण आहे.

आपल्याकडं मात्र घरावरचं पहिलं मोठं आक्रमण वेगळ्या निमित्तानं झालं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि सरकारला घराघरांत शिरायची मुभा मिळाली. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड होता. गोरे सोल्जर घरं तपासायला लागले. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कशाचाच विधिनिषेध उरला नाही. सामान रस्त्यावर फेकलं गेलं, बायकांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी आल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपण शाळेत शिकलो.

त्या मोहिमेबरोबर कॅमेराही हिंडत होता, हे मात्र शाळेत शिकवत नाहीत. मुंबईतल्या प्लेगच्या कामाचे तेव्हाचे फोटोसंग्रह आज लंडनच्या वेलकम संग्रहात पाहायला मिळतात. चाळीत शिरलेली तपासणी पथकं, छावण्यांतल्या झोपड्यांपुढं उभी केलेली कुटुंबं, आणि उजेड आत यावा म्हणून कौलं काढलेली घरं. ते फोटो काढणाऱ्यांना आपण वाईट करतोय असं वाटलं नसणार. सरकार किती झटतंय हे दाखवायचं होतं. आणि आज ते फोटो नसते, तर त्या माणसांवर काय गुदरलं हे आपल्यालाही इतक्या स्पष्ट कळलं नसतं. तरीही त्यांतला एखादा चेहरा माझ्याकडं असा बघतो की मला वाटतं, याच्या घराचं छप्पर सरकारनं एकदा उघडलं आणि कॅमेऱ्यानं ते कायमचं उघडं ठेवलं.

कॅमेऱ्यानं दारात थांबावं की आत यावं, याचा एक सुंदर धडा आपल्याच पुण्यात मिळालेला आहे. १९४६ मध्ये 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला तिथं आल्या. गांधीजींच्या सचिवांनी त्यांना विचारलं, तुम्हाला सूत कातता येतं का? येत नाही म्हटल्यावर, आधी शिका, मग चरख्यासह बापूंचा फोटो काढा, असं उत्तर मिळालं. जगप्रसिद्ध बाई चरख्यापुढं बसल्या. त्यातून आणखी अटी. गांधीजींचं मौन आहे, बोलायचं नाही. लख्ख दिव्याचा त्यांना त्रास होतो, दिवा वापरायचा नाही. घासाघीस करून तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा जमला. चरख्यामागं बसून कागद वाचणारे गांधीजी, हा जगभर गेलेला फोटो अशा अटींतून निघाला आहे. अटींमुळं त्याचं काही बिघडलं नाही.

पण तीच छायाचित्रकार ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत बिर्ला भवनात होती. गांधीजींचा देह आतल्या खोलीत ठेवलेला, भोवती सुन्न माणसं. बर्क-व्हाइट कॅमेरा लपवून आत गेल्या आणि त्यांनी दिव्याचा झोत पाडून फोटो घेतला. लोक संतापले. कॅमेऱ्यातली फिल्म काढून घेतली गेली आणि त्यांना बाहेर जावं लागलं. त्याच घरात फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हेही होते. हातात छोटा लायका, दिवा नाही, आवाज नाही. दुःखातल्या माणसांनी त्यांना आपल्यात राहू दिलं आणि त्यांनी टिपलेली ती चित्रं इतिहासात राहिली. नकळत, सहज टिपलेल्या चित्राचे ते जगातले सर्वांत मोठे उस्ताद. दोघांनाही फोटोच हवा होता. एकानं त्या घरातल्या माणसांकडं बघून आपली जागा ओळखली आणि दुसरीला त्या क्षणी फोटोपलीकडचं दिसलं नाही, एवढाच काय तो फरक.

असं म्हणताना छायाचित्रकाराची बाजूही नीट मांडली पाहिजे. प्रत्येक वेळी परवानगी मागत बसलं तर सत्य हातचं जातं. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत दंगल पेटलेली असताना एका घराच्या वरच्या व्हरांड्यात एक तरुण शिंपी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, खाली आलेल्या सुरक्षा दलाच्या गाडीकडं मदत मागत होता. त्या गाडीत रॉयटर्सचे छायाचित्रकार अर्को दत्त होते. त्यांनी फोटो घेतला. त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना मदत मिळाली, आणि दंगल म्हणजे काय हे जगाला त्या एका चेहऱ्यावरून कळलं. त्या क्षणी परवानगी मागणं हा वेडेपणा ठरला असता. तो फोटो काढलाच पाहिजे होता, असं माझं मत आहे.

पण गोष्ट तिथं संपली नाही. तो चेहरा पोस्टरवर गेला, भाषणांत गेला, निवडणुकीच्या जाहिरातींत गेला. तो माणूस गाव सोडून आपल्या महाराष्ट्रात मालेगावला आला, तर तिथंही छापलेल्या फोटोवरून ओळख पटली आणि हातचं काम गेलं. मग कोलकाता, मग पुन्हा अहमदाबाद. आपल्याला साधं शिंपी म्हणून जगू द्या, एवढंच तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, स्वतःच्या आयुष्यावर त्यानं पुस्तकही दिलं आहे. तरी मी इथं ते नाव घेत नाही. फोटो काढणं हा एका क्षणाचा निर्णय असतो आणि तो फोटो कुठं, कशासाठी, कितीदा छापायचा हा वर्षानुवर्षांचा. पहिल्या निर्णयाला घाईची सबब चालते. दुसऱ्याला चालत नाही.

आता आमच्या गावाकडं येतो. वाळवा तालुक्यातलं इस्लामपूर. राज्य सरकारनं त्याचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय २०२५ साली जाहीर केला, पण मी ज्या दिवसांबद्दल बोलतोय तेव्हा ते इस्लामपूरच होतं. १८९७ चा तो साथरोग कायदा आठवतो ना? महाराष्ट्रानं तो १३ मार्च २०२० ला पुन्हा बाहेर काढला. आणि दहा दिवसांत देशाच्या बातम्यांत आमच्या गावाचं नाव झळकू लागलं. परदेशातली धार्मिक यात्रा करून आलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं. पाहता पाहता त्याच गोतावळ्यातल्या बाधितांचा आकडा पंचवीसच्या घरात गेला. पुढं प्रशासनानं आणि गावानं मिळून साथ तिथल्या तिथं रोखली, त्याला 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून नावाजलं गेलं, आणि ते रास्तच होतं.

पण त्या दिवसांत एक दुसरी साथ देशभर मोबाईलवरून पसरत होती. बाधितांची नावं, घराचे पत्ते, सील केलेल्या दाराचे फोटो, रुग्णवाहिकेत चढणाऱ्या माणसांची खिडकीतून काढलेली चलचित्रं. प्लेगच्या वेळी कॅमेरा सरकारी माणसाच्या खांद्यावर होता. आता तो शेजाऱ्याच्या हातात होता. महाराष्ट्रात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. शेजारच्या कर्नाटकात तर ३० मार्चला फर्मान निघालं की, घरात विलग ठेवलेल्या माणसानं झोपेची वेळ सोडून दर तासाला घरातून स्वतःचा फोटो काढून सरकारला पाठवावा. रँडच्या सोल्जरांना निदान जिना चढून यावं लागत होतं. त्यातच मार्चअखेर दिल्लीच्या मरकजचं प्रकरण झालं आणि आजाराला धर्म चिकटवला गेला. दाढी-टोपीवाला एखादा चेहरा दिसला की तो फोटो पुढं ढकलायला लोकांना कारण लागेना. एका मुसलमान माणसाला त्या महिन्यात आपल्या दाराबाहेर निघताना काय वाटत होतं, हे सांगायला माझ्याकडं भाषा आहे, पण ती मी कवितेसाठी राखून ठेवतो. ८ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या आरोग्य खात्याला सूचना काढावी लागली की, बाधितांची किंवा विलगीकरणातल्यांची नावं, ओळख, वस्ती समाजमाध्यमांवर पसरवू नका. सूचना चांगली होती. तोवर कितीतरी चेहऱ्यांवरचं पाणी पुसून झालं होतं.

मग कायदा काय करतो? सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये खडकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणाचा मूलभूत हक्क बहुमतानं मानला नाही. १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात एकटं राहू देण्याच्या हक्काला मान्यता मिळाली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मोठी गोष्ट झाली. मात्र छायाचित्राबाबतचे आपले फौजदारी कायदे अरुंद आहेत. शरीराच्या खासगी भागाचं, किंवा स्त्रीच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे. यातलं दुसरं कलम आधी भारतीय दंड विधानात २०१३ ला आलं, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. पण आपल्या दारात बसून भाकरी खाणाऱ्या, रडणाऱ्या, पोराला न्हाऊ घालणाऱ्या माणसाचा फोटो कुणी घेतला तर? या कलमांत त्याचं उत्तर सापडत नाही. उलट १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची गंमत बघा. वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला की हक्क गिऱ्हाइकाचा. न विचारता फुकट काढला की हक्क काढणाऱ्याचा.

परदेशातही हा गुंता सुटलेला नाही. न्यूयॉर्कमधले छायाचित्रकार आर्ने स्वेनसन यांनी समोरच्या इमारतीतल्या रहिवाशांचे, काचेच्या भिंतींतून, दुरून टिपणाऱ्या लेन्सनं फोटो काढले आणि २०१३ मध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं. झोपलेली माणसं, सांडलेलं उचलणारी बाई, मुलं. बहुतेकांचे चेहरे झाकलेले. तरी एका जोडप्यानं आपली मुलं ओळखली आणि खटला भरला. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल छायाचित्रकाराच्या बाजूनं दिला. ही कला आहे, आणि कलेला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे. पण असं घरात डोकावणं अस्वस्थ करणारं आहे, तेव्हा विधिमंडळानं यात लक्ष घालावं, असंही न्यायालयानं म्हटलं. काचेच्या महागड्या घरातल्या माणसालाही जिथं दाद मिळाली नाही, तिथं आपण कुणाचं काय सांगायचं?

तरीही एक घर मला सांगायचं आहे. आमच्याकडं दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. बीडकडून, जतकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास, रानाच्या कडेला खोपी उभ्या राहतात. चार बांबू, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद. चूल बाहेर. न्हाणी म्हणजे काठ्यांना गुंडाळलेलं लुगडं. पुढचे पाच-सहा महिने हेच त्या माणसांचं घर. आणि पहाटेच्या धुक्यात, चुलीचा जाळ चेहऱ्यावर घेऊन भाकरी थापणारी बाई हे चित्र कॅमेरावाल्यांना फार आवडतं. प्रदर्शनांतून, दिवाळी अंकांतून, आता मोबाईलवरून ते सतत दिसतं. फोटोखाली 'जगण्याची लढाई' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्या बाईचं नाव नसतं आणि तिनं होकार दिला होता का, तेही नसतं.

या वस्त्यांवर कॅमेऱ्यानं जाऊच नये, असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी पत्रकारांनी लावून धरली, तेव्हा कुठं सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जे दडपलं जातं ते दाखवायला कुणीतरी जावंच लागतं. आणि खासगीपणाची ढाल पुढं करून स्वतःची कृष्णकृत्यं झाकणारे बलदंडही आपल्याकडं कमी नाहीत. घरात बायकोला मारणारा माणूससुद्धा 'हा आमचा घरचा मामला' असंच म्हणतो. म्हणून कॅमेऱ्याचं स्वातंत्र्य मला हवंच आहे.

पण त्या स्वातंत्र्याचं माप कुठं लावायचं, हे या दीडशे वर्षांच्या इतिहासानं मला शिकवलं आहे. ज्याला दार लावून घेता येतं, त्याच्या दारात कॅमेरा आपसूक थांबतो. बेगमांसाठी त्यानं भिंती बांधल्या, गांधीजींसाठी सूत कातलं. ज्याला दारच नाही, त्याच्याकडं मात्र तो सरळ आत शिरतो. पालात शिरला, प्लेगच्या झोपडीत शिरला, विलगीकरणाच्या खिडकीला भिडला, खोपीत शिरतो. आणि ते उघड्यावरच होतं, असं वर सांगतो. ते उघड्यावर नसतं. पाचटाची का होईना, ती भिंत आहे. चुलीपुढची झाडून घेतलेली वीतभर जागा, तो त्या बाईचा उंबरा आहे. परवानगीची गरज तिथं सर्वांत जास्त आहे, कारण नाही म्हणायची ताकद तिथं सर्वांत कमी आहे.

माझ्या ओळखीतली काही तरुण पोरं आता चांगले कॅमेरे घेऊन हिंडतात. आधी विचारलं की चेहऱ्यावरचा सहजभाव जातो, अशी त्यांची अडचण असते. ती खरी आहे. मी त्यांना एवढंच सांगतो की, आधी विचारायला जमलं नाही तर नंतर विचारा. फोटो दाखवा, कुठं छापणार ते सांगा, नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाका. हो म्हणाली तर एक प्रत आणून द्या, कारण हंगाम संपला की टोळी गावाकडं जाते आणि पत्ता उरत नाही. आणि हे फक्त छायाचित्रकारांना सांगून भागणार नाही. आज कॅमेरा आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. शेजारच्या दारात रुग्णवाहिका थांबेल तेव्हा तो खिशातच ठेवायचा की बाहेर काढायचा, हे आपल्याला कुठलंही न्यायालय त्या क्षणी येऊन सांगणार नाही. बाहेरून खाकरायची जी रीत आपल्याकडं होती, ती कुठल्या कायद्यानं लावलेली नव्हती. गडीमाणसं आपली आपण खाकरत होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)